वादळाचा माग आणि घराचे छप्पर : कोकण किनाऱ्याच्या संदर्भात एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

चक्रीवादळ कोणत्या वाटेने येणार हा प्रश्न हवामानशास्त्राचा आणि ते आल्यावर घरावरचे छप्पर टिकणार की नाही हा प्रश्न बांधकामशास्त्राचा, अशी विभागणी दीर्घकाळ रूढ आहे. या दोन शाखांची वाटचाल स्वतंत्रपणे झाली. त्यांच्या संस्था वेगळ्या आहेत, मोजमापाच्या पद्धती वेगळ्या आहेत, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे ‘वाऱ्याचा वेग’ या शब्दप्रयोगाचा अर्थही दोघींच्या लेखी एक नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनारा ओलांडून आत शिरले, तेव्हा या विभागणीची दोन्ही फळे एकाच दिवशी पाहावयास मिळाली. वादळाचा मार्ग आधी कळलेला असल्यामुळे किनाऱ्यावरील हजारो लोकांना सुरक्षित स्थळी हलवता आले आणि मनुष्यहानी मर्यादित राहिली. परंतु श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, तळा, माणगाव, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड आणि दापोली या तालुक्यांत काही तासांच्या अवधीत लाखाहून अधिक घरांची पडझड झाली, आणि त्या पडझडीचा फार मोठा भाग छपरांचा होता.

मृत्यू टळले पण छपरे गेली, हे चित्र केवळ कोकणापुरते नाही. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली होती. त्याच राज्यात २०१३ च्या ‘फायलिन’मध्ये आणि २०१९ च्या ‘फनी’मध्ये मृतांची संख्या त्या मानाने नगण्य राहिली, घरांचे नुकसान मात्र प्रचंडच झाले. माग काढण्याचे शास्त्र जसजसे यशस्वी होत गेले तसतसा अभ्यासकांचा प्रश्नही बदलत गेला, आणि ‘माणसे कशी वाचवावीत’ याच्या जोडीला ‘माणसे परत कोणत्या घरात जाणार’ हा प्रश्न येऊन उभा राहिला.

माग काढण्याच्या शास्त्राची वाटचाल

‘सायक्लोन’ हा शब्दच मुळी या उपखंडात घडला. कोलकात्यात राहून बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी जहाजांच्या नोंदवह्यांतील वाऱ्याच्या दिशा आणि वायुभाराचे आकडे एकत्र मांडून ही वादळे एका केंद्राभोवती फिरतात हे दाखवले, आणि १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात सर्पाच्या वेटोळ्यावरून त्यांना हे नाव दिले. पुढे १८६४ च्या कोलकाता चक्रीवादळाने केलेला संहार आणि त्यानंतरची अवर्षणे यांच्या पार्श्वभूमीवर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. तरीही जहाज वादळाच्या जवळ असेल तरच वादळाची वार्ता लागावी, ही मर्यादा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कायम राहिली.

ती मर्यादा उपग्रहांनी मोडली. १९६० मध्ये पहिला हवामान उपग्रह अवकाशात गेला आणि १९७० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ व्हर्नन ड्व्होराक यांनी ढगांच्या आकृतिबंधावरून वादळाची तीव्रता ठरवण्याची पद्धत विकसित केली. तीत ढगांच्या पट्ट्यांची वक्रता, मधल्या ‘डोळ्या’ची स्पष्टता आणि ढगांच्या माथ्याचे तापमान पाहून वादळाला एक क्रमांक दिला जातो, आणि त्या क्रमांकावरून वेग अनुमानिला जातो. भारतात आजही खोल समुद्रातील वादळाची तीव्रता प्रामुख्याने याच पद्धतीने ठरते. म्हणजे वादळ किनाऱ्यापासून दूर असताना जो वेग जाहीर होतो तो बहुतांशी मोजलेला नसून चित्रावरून काढलेला असतो. वादळ किनाऱ्याच्या काही शे किलोमीटरच्या आत आले की डॉप्लर रडारची मदत होते. हे रडार पावसाच्या थेंबांवरून परतणाऱ्या लहरींच्या कंपनसंख्येत पडणाऱ्या फरकावरून वाऱ्याची रडारच्या दिशेने किंवा त्याच्यापासून दूर जाण्याची गती सांगते.

इन्सॅट-३डी (२०१३) आणि इन्सॅट-३डीआर (२०१६) या उपग्रहांची निरीक्षणे आणि संगणकीय प्रारूपांची वाढती क्षमता यांमुळे चोवीस तास आधी दिलेल्या मार्गाच्या अंदाजातील सरासरी चूक आता शंभर किलोमीटरच्या खाली आली आहे. तीव्रतेच्या अंदाजाची प्रगती त्या मानाने मंद आहे. शिवाय शंभर किलोमीटर हे अंतर मार्गासाठी लहान असले तरी घरांसाठी लहान नाही: अलिबाग ते हर्णै हा किनाऱ्याचा पट्टा सरळ रेषेत त्याहून काही फार मोठा नाही, आणि वादळाच्या केंद्राभोवतीचा सर्वाधिक वाऱ्याचा पट्टा पुष्कळदा काही दशक किलोमीटरचाच असतो. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ने ही बाब वेगळ्या रीतीने दाखवली. ते कोकण किनाऱ्यावर आलेच नाही. किनाऱ्याला जवळजवळ समांतर राहून ते गुजरातकडे गेले, आणि तरीही सिंधुदुर्गपासून मुंबईपर्यंत घरांची छपरे उडाली. नकाशावरची वादळाची रेघ आणि छपरांवरचा वारा या दोन गोष्टी एकच नाहीत.

वेग म्हणजे कोणता वेग

भारतीय हवामान विभाग वादळांचे वर्गीकरण सलग तीन मिनिटांच्या सरासरी वेगावरून करतो. ताशी ६२ ते ८८ किलोमीटर वेग असल्यास ‘चक्रीवादळ’, ८९ ते ११७ असल्यास ‘तीव्र चक्रीवादळ’ आणि त्यापुढे ‘अतितीव्र’ इत्यादी श्रेणी लागतात. अमेरिकेत एका मिनिटाची सरासरी धरतात, जागतिक हवामान संघटना दहा मिनिटांची सुचवते, आणि इमारतींच्या आराखड्यासाठी भारतीय मानक तीन सेकंदांच्या झोताचा वेग वापरते. सरासरीचा काळ जितका कमी तितका आकडा मोठा, हे उघड आहे. त्यामुळे ‘ताशी ११० किलोमीटर’ असे नुसते म्हटल्यास ते कोणत्या व्याख्येने, याचा उलगडा झाल्याखेरीज त्या आकड्याची छपराच्या ताकदीशी तुलना करता येत नाही. वृत्तपत्रांतून हे आकडे सरसकट मिसळले जातात, आणि काही अहवालही त्याला अपवाद नाहीत.

मोजमाप कोठे झाले हा दुसरा मुद्दा आहे. वेधशाळांचे वायुवेगमापक मोकळ्या जागी, जमिनीपासून दहा मीटर उंचीवर असतात. कोकणातले घर मात्र डोंगराच्या उतारावर, खाडीच्या काठी किंवा नारळी-पोफळीच्या वाडीत दडलेले असते. टेकडीच्या माथ्याजवळ वारा चढून येताना त्याचा वेग वाढतो. भारतीय मानकात यासाठीचा गुणक १.३६ पर्यंत जातो, आणि दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने एवढ्या वाढीने दाब जवळपास दुप्पट होतो. दाट वाडीत उलट वेग घटतो, परंतु तेथे झाड पडण्याचा धोका येतो.

छप्पर कसे जाते

वारा छप्पर ढकलून पाडतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात बहुतेक छपरे वर ओढली जातात. वारा आढ्यावरून आणि कडांवरून वळताना त्याचा प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो, तेथे दाब कमी होतो आणि छपरावर उचलणारे बल निर्माण होते. या बलाचा अंदाज साध्या सूत्राने येतो: वेग सेकंदाला इतके मीटर असा घेऊन त्याचा वर्ग केला व त्याला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरचा मूळ दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी १२० किलोमीटरच्या झोताला तो सुमारे ६६७ न्यूटन, म्हणजे साधारण ६८ किलो वजनाइतका भरतो. छपराच्या मधल्या भागावर यातला काही अंशच लागू होतो. पण कमी उताराच्या छपरांच्या कडांना आणि कोपऱ्यांना मूळ दाबाच्या दीडपट ते दुप्पट ओढ बसू शकते. वळचणीखाली तर वरून ओढ आणि खालून दाब अशी दुहेरी क्रिया होते. त्यातच वाऱ्याकडचे दार किंवा खिडकी निखळली की हवा आत शिरून छपराला आतूनही वर लोटते, आणि मग एरवी तग धरणारे छप्परही जाते. म्हणूनच अभियंते छपराच्या सुरक्षिततेचा विचार करताना दारांच्या कड्याकोयंड्यांपर्यंत जातात.

या ओढीला छप्पर दोनच प्रकारे तोंड देते: स्वतःच्या वजनाने किंवा बांधणीने. मंगलोरी कौल, ज्याचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात काढला आणि ज्याने नंतर कोकणातल्या नळीच्या कौलांची जागा घेतली, ते दोन ते तीन किलो वजनाचे असते आणि रिपांवर नुसते अडकवून ठेवलेले असते. कौलारू छपराचे वजन चौरस मीटरला सुमारे चाळीस ते पंचेचाळीस किलो होते, आणि कौलांमधील फटींतून हवा खेळत असल्याने वरखालचा दाब काही प्रमाणात समतोल होतो. त्यामुळे मध्यम वाऱ्यात हे छप्पर चांगले टिकते. परंतु वळचणीची आणि आढ्यावरची कौले एकदा उचलली गेली की शेजारच्यांचा आधार सुटतो आणि पाखेच्या पाखे उघडी पडतात. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याची, म्हणजे कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा लावण्याची जी रीत होती, तिच्यात गळती थांबवण्याबरोबरच सरकलेली कौले व कुजलेल्या रिपा नजरेस येण्याची सोय होती. ही रीत माणसांच्या अभावी अनेक गावांत मागे पडली आहे. मुंबईला गेलेल्यांच्या बंद घरांच्या बाबतीत तर हे विशेष लागू आहे.

पन्हळी लोखंडी पत्र्याचे वजन चौरस मीटरला अवघे चार-पाच किलो असल्याने त्याचा सारा भार बांधणीवर पडतो. येथे पत्रा, त्याला वाशाशी जोडणारा जे-हुक, वासा, भिंत आणि पाया अशी एक साखळी असते आणि तिच्यातील सर्वांत कच्ची कडी छपराचे भवितव्य ठरवते. अनेक ठिकाणी पत्रा हुकाशी घट्ट असतो, पण वासा भिंतीवर नुसता टेकवलेला असतो. मग वाशांसकट अख्खे छप्पर उडून शेजारच्या आवारात पडते. सिमेंटचा पत्रा त्यापेक्षा जड, सुमारे तेरा-चौदा किलोचा असला तरी ठिसूळ असतो आणि फांदी किंवा उडालेले कौल आदळताच फुटतो.

या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. १९७४ च्या नाताळात ‘ट्रेसी’ चक्रीवादळाने डार्विन शहर जवळजवळ उद्ध्वस्त केले. विमानतळावरील यंत्राने बंद पडण्यापूर्वी ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदवला होता. अभियंते जॉर्ज वॉकर यांनी पडलेल्या घरांची तपासणी केली तेव्हा असे आढळले की स्थिर भाराच्या चाचणीत उत्तीर्ण होणारे पत्रे वादळात जोडणीच्या जागांभोवती चिरले होते. वाऱ्याचा झोत सतत वाढत-घटत राहिल्याने धातूला शीण आला होता. तार वरचेवर वाकवल्यावर तुटते तसाच हा प्रकार. यानंतर तेथे चढ-उताराच्या भाराखाली छपरांची चाचणी अनिवार्य झाली आणि टाउन्सव्हिल येथे १९७७ मध्ये खास चाचणी केंद्र उभे राहिले. पडलेल्या छपराचे शवविच्छेदन करून त्यातून नियम घडवण्याची ही पद्धत पुढे अमेरिकेतही, विशेषतः १९९२ च्या ‘अँड्र्यू’नंतर फ्लोरिडात, रुजली.

भारतीय मानके आणि त्यांची हद्द

भारतात इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचे मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, १९८७ मध्ये आणि नंतर २०१५ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाले. त्यातील नकाशात मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि गोव्यासाठी ३९ मीटर असा मूळ वेग दिला आहे. ताशी हिशेब केला तर हे आकडे अनुक्रमे सुमारे १५८ आणि १४० किलोमीटर होतात. या दोहोंपैकी लहान आकडा धरला तरी ‘निसर्ग’च्या वेळी जाहीर झालेले झोतांचे वेग त्याच्या आतच होते. दुसऱ्या शब्दांत, मानकाला अपेक्षित असलेल्या वाऱ्यापेक्षा कमी वाऱ्यात ही छपरे गेली.

२०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळप्रवण किनारपट्टीसाठी आणखी एक गुणक आला. किनाऱ्यापासून साठ किलोमीटरच्या पट्ट्यात, वादळानंतर कार्यरत राहिल्याच पाहिजेत अशा वास्तूंसाठी तो १.३०, औद्योगिक बांधकामांसाठी १.१५ आणि बाकी सर्वांसाठी १.०० आहे. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, हा पट्टा पूर्व किनारा आणि गुजरातपुरता सांगितला आहे. महाराष्ट्र आणि गोव्याचा किनारा त्यात येत नाही. दुसरी, राहत्या घरांसाठी गुणक १.०० असल्याने त्या पट्ट्यातही सामान्य घराला वाढीव संरक्षण मिळत नाही. कमी उंचीच्या घरांसाठी आयएस १५४९८ हे २००४ चे मार्गदर्शक मानक उपलब्ध आहे. छपराला चारी बाजूंनी उतार द्यावा, तो फार सपाट नसावा, वासे भिंतीत गाडलेल्या पट्ट्यांना जखडावेत, कडेच्या भागात बांधणी दाट करावी, असे त्याचे सांगणे आहे. पण ग्रामीण भागातील बहुसंख्य घरे अभियंत्याच्या आराखड्याने नव्हे, तर गवंडी आणि सुतार यांच्या हाताने उभी राहतात, आणि तेथवर ही पुस्तिका पोहोचण्याची वाट आखलेली नाही.

नुकसानीची मोजणी

नुकसान मोजण्याची जी पद्धत प्रत्यक्षात चालते ती पंचनाम्याची. तलाठी, ग्रामसेवक आणि पंच घरी येऊन घर पूर्णतः पडले की अंशतः, पक्के की कच्चे, याची नोंद करतात. अंशतः पडझडीसाठी किमान पंधरा टक्के नुकसान ही आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांतील अट आहे. ‘निसर्ग’च्या काळी लागू निकषांत सपाट प्रदेशातील पूर्णतः पडलेल्या पक्क्या घरासाठी ९५,१०० रुपये आणि अंशतः पडलेल्या पक्क्या घरासाठी ५,२०० रुपये मदत होती. राज्य शासनाने पूर्ण नुकसानीची रक्कम दीड लाखापर्यंत नेली आणि अंशतः नुकसानीचीही वाढवली. या पद्धतीचा हेतू मदत वाटणे हा असल्याने ती त्या हेतूपुरती योग्य आहे. मात्र वासा तुटला की निखळला, आधी वळचण गेली की आढे, झाड पडले की वाऱ्याने उचलले, यांपैकी कशाचीही नोंद तिच्यात होत नाही. छपराची सगळी कौले गेली आणि भिंती उभ्या राहिल्या, तर ते घर ‘अंशतः’मध्ये मोडते, जरी त्यातल्या कुटुंबाला पावसाळा ताडपत्रीखाली काढावा लागला तरी.

दुसरी पद्धत अमेरिकेत टी. थिओडोर फुजिता यांनी १९७१ मध्ये मांडली. ती नुकसानीवरून वेगाचे अनुमान करते. तिची २००७ पासूनची सुधारित आवृत्ती घर, शाळा, झाड अशा अठ्ठावीस निर्देशकांचे नुकसान पायरीपायरीने पाहते. ही पद्धत मुख्यतः टोर्नेडोसाठी, म्हणजे यंत्रांच्या तावडीतून निसटणाऱ्या अरुंद भोवऱ्यासारख्या वादळांसाठी आहे. तेथील घरे बऱ्याच अंशी सारखी बांधलेली असल्याने ती चालते. नळीची कौले, मंगलोरी कौले, पत्रा आणि स्लॅब एकाच आळीत असणाऱ्या गावात तिचा जसाच्या तसा वापर करता येणार नाही.

तिसरी वाट उपग्रह आणि ड्रोनची आहे. तिची गती आकर्षक आहे, पण वादळानंतर ढग लवकर हटत नाहीत, आणि माडांच्या झावळ्यांखालचे छप्पर वरून दिसत नाही.

मतभेदाचे मुद्दे

‘निसर्ग’मधील पडझडीचा अर्थ लावताना तीन भूमिका दिसतात. पहिलीनुसार दोष बांधणीचा आहे: मानकापेक्षा कमी वाऱ्यात छपरे गेली, म्हणजे ती मानकाप्रमाणे बांधलेलीच नव्हती. दुसरीनुसार दोष आकड्याचा आहे: वेधशाळेतील वेग आणि डोंगरउतारावरील वेग यांत मोठी तफावत असू शकते, आणि कोकणासारख्या भूप्रदेशात नकाशावरचा एकच आकडा फसवा ठरतो. तिसरीनुसार बरेचसे नुकसान वाऱ्याचे नसून झाडांचे आहे, तेव्हा घराइतकाच वाडीचा विचार हवा. या तिन्ही भूमिका एकमेकींना छेद देत नाहीत. प्रश्न त्यांच्या वाट्याचा आहे. हा वाटा ठरवण्यास घरागणिक छपराच्या मोडण्याची नोंद लागते, आणि नेमकी तीच पंचनाम्यात नाही. पहिल्या भूमिकेचे पारडे जड वाटते खरे, कारण हुक आणि वासे यांची दैना उघड दिसते. पण दिसते म्हणून ती प्रमुख आहे असे मानणे घाईचे होईल.

उपायांबाबतही एकमत नाही. स्लॅबचे छप्पर वाऱ्याने उडत नाही, आणि प्रधानमंत्री आवास योजनेसारख्या योजनांतील घरांचा कल त्याच दिशेने आहे. परंतु त्याचा खर्च, कोकणातील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे लोखंडी सळ्यांचे गंजणे, आणि उन्हाळ्यातील उकाडा हे आक्षेप दुर्लक्षण्यासारखे नाहीत. दुसरा पक्ष कौलारू घर राखून त्याची बांधणी सुधारावी असे म्हणतो: कडेच्या ओळींतील कौले तारेने बांधावीत, वासे भिंतीला पट्टीने जखडावेत. २०२० नंतर प्रत्यक्षात घडले ते मात्र तिसरेच; कौले महाग आणि दुर्मीळ झाल्याने अनेकांनी मिळेल तो पत्रा घातला. जुन्या, जड छपरासाठी बसवलेल्या वाशांवर हलके छप्पर आल्यास वरच्या ओढीला विरोध करणारे वजन कमी होते, आणि बांधणी तीच राहते.

या उपायांवर किती खर्च करावा हे वादळे पुढे किती येणार यावर अवलंबून आहे, आणि तेथेही मतभेद आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९८२-२००० च्या तुलनेत २००१-२०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्रपृष्ठाचे वाढते तापमान हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. काही संशोधक हवेतील प्रदूषक कणांमुळे वेगवेगळ्या उंचीवरील वाऱ्यांतील तफावत घटते यावर भर देतात. उपग्रहयुगाची नोंद चार दशकांचीच असल्याने नैसर्गिक चढ-उतार आणि कायमचा बदल वेगळे काढणे कठीण आहे, याबद्दल मात्र सर्वसाधारण सहमती आहे. शिवाय वाढलेल्या वादळांपैकी बरीचशी ओमान, येमेन किंवा गुजरातकडे वळतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर थेट येणारी वादळे, जसे नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ किंवा ‘निसर्ग’, इतकी मोजकी आहेत की त्यांच्यावरून कल काढता येत नाही.

इशाऱ्याच्या भाषेचा प्रश्नही खुला आहे. हवामान विभागाच्या तक्त्यात प्रत्येक श्रेणीसमोर संभाव्य नुकसान दिलेले असते, आणि ‘तीव्र चक्रीवादळा’समोर मुख्यतः गवताच्या छपरांचा आणि झोपड्यांचा उल्लेख येतो. ‘निसर्ग’ याच श्रेणीत किनाऱ्यावर आले. बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान प्रवर्धन परिषदेने तयार केलेल्या आपत्तीप्रवणतेच्या मानचित्रावलीत जनगणनेच्या आधारे छपरांची हलकी, जड उतरती आणि सपाट अशी वर्गवारी जिल्हावार उपलब्ध आहे. इशारा आणि ही वर्गवारी एकत्र आणल्यास ‘ताशी इतके किलोमीटर’ऐवजी ‘या तालुक्यात पत्र्याच्या घरांना धोका’ असे सांगणे तत्त्वतः शक्य आहे, आणि परिणामाधारित इशाऱ्यांची सुरुवातही झाली आहे. परंतु जनगणना छप्पर कशाचे आहे एवढेच विचारते. ते वाशाला आणि वासा भिंतीला कसा बांधला आहे, हे विचारणारा रकाना तिच्यात नाही.